नागपुरात क्लासिकल गिटार घ्यायची आहे: कोणती घ्यावी, आणि आपल्या उन्हाळ्यात टिकेल का?

खामलावासी

नमस्कार मंडळी,

लेक यंदा सहावीत गेली. उंची ४ फूट ७ इंच, हात तसे लहानच. जूनपासून गिटारचा क्लास लावलाय. सर क्लासिकल शिकवतात आणि पुढे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा द्यायला लावतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नायलॉनच्या तारांचीच आणा, स्टीलची आणली तर आल्या पावली परत पाठवीन."

बर्डीवर दोन-तीन दुकानं पालथी घातली. एकानं "स्पॅनिश म्हणजेच क्लासिकल" म्हणत स्टीलच्या तारांची भलीमोठी जंबो काढली. दुसऱ्यानं कटअवेवाली (पेटीला मानेजवळ खाच दिलेली), पिकअप (आवाज स्पीकरवर नेणारं यंत्र) बसवलेली दाखवली. दिसायला झकास, आमच्या ह्यांना तीच आवडली. तिसऱ्याकडे यामाहाची सी-४० होती, पण त्यावर एवढी धूळ होती की किती दिवस टांगलेली आहे कोण जाणे.

बजेट १२ हजारापर्यंत, अगदीच गरज असेल तर १५. फुल साइज घ्यावी की लहान? सॉलिड टॉप, प्लाय ही काय भानगड आहे? ऑनलाइन मागवावी का? आणि मुख्य म्हणजे आमच्या हॉलमध्ये एप्रिल ते जून कूलर चोवीस तास सुरू असतो, त्याचं काय?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? पोट्टी अकरा वर्षांची, दोन महिन्यांत सोडून दिली तं? आमच्या पोट्ट्यानं कीबोर्ड सोडला, तबला सोडला, आता स्केटिंग करून राहिला. चार हजाराची साधी घ्या, टिकली तं मंग पाहू.

सहा_तारा

ठेचाभाऊ, पोरं गिटार सोडतात ती बहुतेक त्या चार हजाराच्या गिटारपायीच. स्वस्त गिटारच्या तारा मानेवरच्या पट्टीपासून इतक्या उंच असतात की मोठ्या माणसाला बॅरे (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबणं) धरताना घाम फुटतो. पोरीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दोन महिन्यांत गिटार माळ्यावर.

खामलावासी ताई, दुकानात जाताना कंपासपेटीतली स्टीलची पट्टी सोबत न्या. प्लास्टिकची नको, तिचा शून्य कडेपासून सुरू होत नाही. गिटारच्या मानेवर जे आडवे पडदे असतात त्यातला बारावा शोधा. क्लासिकलमध्ये मान जिथे पेटीला मिळते तिथेच तो असतो. त्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जाड सहाव्या तारेखाली ४ मिमीच्या आसपास आणि बारीक पहिलीखाली ३ मिमीच्या आसपास हवं. पाच-साडेपाच भरलं तर ती गिटार तशीच घरी आणू नका.

जास्त असेल तर ब्रिजवरची (पेटीवर जिथे तारा बांधतात त्या लाकडी ठोकळ्यावरची) पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, काढून खालच्या बाजूनं घासून कमी करता येते. हिशोब सोपा आहे: बाराव्या पडद्यावर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल एक मिमी घासावा लागतो. म्हणून सॅडल ब्रिजच्या वर नीट उभा दिसतोय ना तेही बघा. आधीच ब्रिजमध्ये बुडालेला असेल तर घासायला जागाच उरत नाही.

पिकअपवाली घेऊ नका. त्या पैशात पिकअप, प्रीअँप, बॅटरीचा खण एवढं सगळं येतं, मग लाकडाला उरतं काय? पोरगी स्टेजवर जाईपर्यंत त्याचा उपयोग शून्य.

मुळामुठा

मी पुण्याहून. माझं मत थोडं वेगळं आहे. घ्यायचीच तर सॉलिड टॉप घ्या, म्हणजे पेटीची पुढची फळी थर चिकटवलेल्या प्लायची नाही, सलग लाकडाची. प्लाय टॉप पहिल्या दिवशी जसा वाजतो तसाच दहा वर्षांनी वाजतो, सॉलिड टॉप वाजवता वाजवता खुलतो. यामाहाची सीजी-१२२एमएस स्प्रूस लाकडाच्या टॉपची आहे, सीजी-१२२एमसी सीडर लाकडाच्या. कॉर्डोबाची सी-५ पण सीडर टॉपची. सीडरचा आवाज पहिल्यापासून उबदार आणि भरलेला, स्प्रूस जरा स्वच्छ आणि टोकदार. बजेट दुप्पट होईल हे मान्य, पण एकदाच घ्या. आणि शक्यतो मुंबईला किंवा इकडे येऊन, चार गिटारी शेजारी शेजारी वाजवून घ्या. नागपुरात तेवढा माल मिळणं कठीण.

वऱ्हाडी_ठेचा

पुणेकरांनी सुरू केलं राजेहो. आता म्हणतील गिटार घ्यायलाबी पुण्यालेच या.

रंधा_आणि_सरस

मी महालात लाकूडकाम करतो. फर्निचर हा मूळ धंदा, पण तंबोऱ्यापासून गिटारीपर्यंत तंतुवाद्यांची दुरुस्तीही येते. पुणेकरांचं म्हणणं आवाजापुरतं खरं आहे, पण त्यांनी आपला मे महिना पाहिलेला नाही.

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. हवा कोरडी झाली की आकसतं, ओली झाली की फुगतं. गिटारचा टॉप जेमतेम अडीच मिमी जाड. त्याच्या पोटातून आडव्या आणि तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या त्याला हवं तसं आकसू देत नाहीत. मग ताण कुठेतरी निघतो. टॉपच्या मधल्या जोडावर, नाहीतर मानेच्या पट्टीला लागून, रेषेच्या दिशेनं सरळ भेग पडते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते. तीच ऑगस्टमध्ये ८०च्या वर. गिटारला ४५ ते ५५ मानवते. एका वर्षात एवढं वर-खाली मुंबईत होत नाही.

त्यात कूलर. कूलरच्या झोतात टांगलेली गिटार दिवसभर ओली हवा पिते. पहाटे कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या की तासाभरात कोरडी. हे रोज. नुसत्या कोरड्या हवेपेक्षा ही ओढाताण वाईट. नवतपात (मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत) माझ्याकडे ज्या गिटारी येतात त्यांच्या मानेच्या कडेवरून बोट फिरवलं तर पडद्यांची टोकं टोचतात. धातू तसाच राहतो, लाकूड आत गेलेलं असतं. पावसाळ्यात त्याच गिटारचा टॉप फुगून वर येतो, तारा उंच होतात आणि लोक म्हणतात मान वाकली. मान सरळ असते हो, पोट सुटलेलं असतं.

प्लायमध्ये थरांची रेषा एकमेकीला आडवी असते म्हणून ते कमी हलतं. आवाज थोडा बंद, पण अकरा वर्षांच्या पोरीच्या गिटारला आणि कूलरच्या घराला तेच बरं. सॉलिड टॉप पुढे घ्या, पोरीला स्वतःला त्याची निगा राखता येईल तेव्हा.

प्लाय की सॉलिड हे ओळखायचं तर दुकानदाराला विचारू नका. साउंडहोलच्या, म्हणजे पेटीवरच्या गोल भोकाच्या, कडेवर मोबाईलचा टॉर्च मारा. वरच्या उभ्या रेषा कडेवरून आत तशाच उतरल्या तर सॉलिड. कडेत पातळ थर वेगवेगळे दिसले तर प्लाय, स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो. कधी कधी कडेला जाड काळा रंग फासलेला असतो. तिथं काय ते समजून घ्या.

मुळामुठा

रंधाभाऊ, मान्य. पण केसमध्ये ह्युमिडिफायर टाकला की प्रश्न सुटतो ना? राजस्थानातही लोक सॉलिड टॉप वाजवतातच की.

रंधा_आणि_सरस

सुटतो, पण रोज लक्ष ठेवलं तर. मी गिऱ्हाइकांना सांगतो तो साधा उपाय असा. साबणाची प्लास्टिकची डबी, तिला वरून भोकं, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. डबी बंद केसमध्ये गिटारच्या डोक्याजवळ ठेवायची. स्पंजमधून पाणी टपकायला नको, नाहीतर भेगेऐवजी बुरशी. दोन-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक केसमध्येच ठेवायचा. मार्चच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत डबी, पावसाळ्यात डबी काढून सिलिका जेलच्या पुड्या. प्लाय असो की सॉलिड, गिटार पश्चिमेच्या भिंतीवर टांगायची नाही आणि गच्चीवरच्या खोलीत तर मुळीच ठेवायची नाही. मे महिन्यात "पाचच मिनिटं" म्हणून उन्हातल्या गाडीतही सोडायची नाही, आत सरस मऊ पडतो आणि ब्रिज सुटतो.

ब्रिजवरून आठवलं. माझ्याकडे येणाऱ्या क्लासिकल गिटारींचं सगळ्यात मोठं दुखणं उन्हाळा नाहीच. नायलॉनची तार तुटली की दुकानात जायचं आणि तिथला पोरगा स्टीलचा सेट चढवून देतो. नायलॉनच्या सहा तारांचा ताण मिळून ४० किलोच्या आतबाहेर. स्टीलचा लाइट सेटसुद्धा ७० किलोच्या पुढे. क्लासिकलचा ब्रिज नुसता सरसावर चिकटलेला, आतल्या पट्ट्या हलक्या. सहा महिन्यांत टॉप फुगतो नाहीतर ब्रिज मागून उचलला जातो. जुनी गिटार घेणार असाल तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर सरळ नमस्कार करून बाहेर पडा.

सहा_तारा

+१. आणि टॉप हेच गिटारचं खरं अंग, यावर दोघांचंही एकमत दिसतंय. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्यानं घडवला त्या स्पेनच्या अँटोनियो दे तोरेसनं १८६२ मध्ये मागची बाजू आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि फक्त टॉप नेहमीचा चांगल्या लाकडाचा ठेवला. आवाज टॉपमधूनच येतो हे दाखवायला. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा दुकानदार "मागचं रोजवुड आहे मॅडम" म्हणत भाव वाढवायला लागला तर भुलू नका. या किमतीत ते रोजवुड म्हणजे बहुधा प्लायवर चिकटवलेला पापुद्राच.

आणि नायलॉनही काही फार जुनं नाही. आधी आतड्याच्या तारा असायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांचा तुटवडा पडला आणि १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टिननं स्पॅनिश गिटारवादक सेगोवियाच्या प्रोत्साहनानं नायलॉनच्या बनवल्या. ऑगस्टिनच्या तारा अजून मिळतात.

खामलावासी

बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. सॉलिडचा नाद तूर्तास सोडला. आता साइजचं सांगा. सर म्हणतात थ्री-फोर्थ चालेल, हे म्हणतात दोन वर्षांत लहान पडेल, फुलच घेऊ. ऑनलाइन तक्त्यांत तर वयावरून वेगवेगळंच लिहिलंय.

सहा_तारा

वयावरचे तक्ते शर्टाच्या मापासारखे, अंगात घालून पाहिल्याशिवाय अर्थ नाही. मोजायचं ते तारेची वाजती लांबी. फुल साइजची ६५० मिमी, थ्री-फोर्थची साधारण ५८०. यामाहामध्ये सी-४० म्हणजे ६५०, सीएस-४० म्हणजे ५८०. मानेची रुंदीही बदलते, सी-४०ची नटपाशी (गिटारच्या डोक्याकडच्या टोकाला) ५२ मिमी, सीएस-४०ची ४८.

आता हाताचं बघा. ६५०च्या गिटारवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचं अंतर साधारण ९८ मिमी, ५८०वर ८७. अकरा मिमीचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तर्जनी पहिल्यावर ठेवून करंगळी चौथ्यावर टेकवायला सांगा, मनगट न मुरडता. तिथे लगेच कळतं.

एक युक्ती सांगतो. दुकानात फुल साइज घ्या आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. उरलेली लांबी ५७९ मिमी होते, म्हणजे जवळपास थ्री-फोर्थच. कॅपोशिवाय आणि कॅपो लावून, दोन्ही वेळा तिला बोटांची तीच मांडणी धरायला लावा. कॅपोशिवाय खांदा वर जात नसेल, मनगट वाकत नसेल तर फुल घ्या. जात असेल तर लहान. कॅपो मात्र क्लासिकलचा सपाट हवा. क्लासिकलची पट्टी सपाट असते, बाक दिलेला कॅपो मधल्या तारा नीट दाबत नाही. अर्थात कॅपोनं पेटी लहान होत नाही, उजवा हात पेटीवरून सहज तारांपर्यंत येतो का तेही पाहायचं. बसवताना खुर्ची पोरीच्या मापाची आणि डाव्या पायाखाली पाट किंवा फूटस्टूल, नाहीतर सगळं चुकीचं दिसेल.

४ फूट ७ इंचाला दोन्ही चालू शकतं. मला विचाराल तर लहानच. लहान पडली तर विकता येते, मोठी पडली तर पोरगी गिटार विकायला लावते.

हॉस्टेलर

फुल साइज जुनी चालत असेल तर मे-जूनमध्ये व्हीएनआयटी आणि मेडिकलच्या हॉस्टेलांवर नजर ठेवा. पास होऊन जाणारी पोरं गिटारी फुंकून टाकतात. नव्वद टक्के स्टीलच्या असतात, पण क्लासिकल निघाली तर कोणी ढुंकून बघत नाही म्हणून भाव पडलेला असतो. रंधाभाऊंची कागदाची टेस्ट आधी. मी अजून एक करतो: बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवायचा, मग तिथेच दाबून वाजवायचं, मोबाईलच्या ट्यूनरवर दोन्ही एकच सूर दिसला पाहिजे. नाही दिसला तर आधी तारा जुन्या आहेत का बघा, नव्या तारांवरही फरक राहिला तर गिटारमध्येच खोट. प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा एकेक करून वाजवा, भले दुकानदार वैतागो. कुठे खरखर आली तर बहुधा त्याच्या पुढचा पडदा उचललेला आहे.

ऑनलाइनबद्दल: मे महिन्यात कुरिअरच्या पत्र्याच्या गाडीत गिटार किती वेळ तापत पडली असेल याचा नेम नाही. मागवायचीच तर पावसाळ्यानंतर मागवा, आणि खोका उघडताना व्हिडिओ काढा.

खामलावासी

एक विचारायचं राहिलं. सर म्हणाले उजव्या हाताची नखं वाढवावी लागतील. शाळेत दर सोमवारी नखं तपासतात हो! डायरीत शेरा येतो.

वऱ्हाडी_ठेचा

हे मस्त! सरांचं पत्र घेऊन जा शाळेत. "सदर विद्यार्थिनीची नखे शैक्षणिक कारणास्तव वाढविण्यात येत आहेत."

सहा_तारा

हाहा. पहिली एक-दोन वर्षं नखांशिवाय काही अडत नाही. फर्नांडो सोर हा जुना नामवंत गिटारवादक नखांशिवायच वाजवायचा आणि तसाच नामवंत तार्रेगा, त्यानंही शेवटच्या वर्षांत नखं कापून टाकली होती. नखांनी आवाज उजळ आणि मोठा येतो, बोटाच्या पेरानं मऊ. सरांना स्पष्ट विचारा, लहान मुलांसाठी बहुतेक जण आग्रह धरत नाहीत. डाव्या हाताची मात्र कायम कापलेली हवीत, नाहीतर तार दाबलीच जात नाही. म्हणजे सोमवारी अर्धा हात तरी पास.

मुळामुठा

तारांचं कोणी बोललं नाही. या किमतीच्या गिटारवर कंपनीतून येणाऱ्या तारा सामान्यच असतात. घेतल्यावर डॅडारिओ ईजे-४५ चढवा, नॉर्मल टेन्शन. हार्ड टेन्शन नको, मुलीच्या बोटांना त्रास. गिटार न बदलता आवाज बदलायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. माझ्या सॉलिड टॉपच्या हट्टावर एवढी तडजोड तरी करा.

खामलावासी

घेतली! सीएस-४०. कॅपोची परीक्षा दुकानातच झाली, दुकानदार बघतच राहिला. फुल साइजवर लेकीचा खांदा कानाला लागत होता, लहानवर आपोआप खाली आला, मग ह्यांनीही हट्ट सोडला. जाड तारेखाली चार मिमीच्या किंचित वर भरलं, सर म्हणाले ते सॅडल घासून देतील. टॉर्च मारून कड बघत होते तर दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, आत काही पडलं का?" पॅडवाली बॅग, फूटस्टूल आणि मुळामुठांच्या तारा धरून बजेटच्या आतच बसलं.

आता नवीन काळजी. नव्या तारा काल चढवल्या, रात्री सुरात लावल्या, सकाळी सगळ्या उतरलेल्या. परत लावल्या, संध्याकाळी परत तेच. किल्ल्या खराब आहेत का?

सहा_तारा

अभिनंदन! किल्ल्या ठीक आहेत. नायलॉन नवं असताना ताणत राहतं, चार-आठ दिवस हे चालणारच. वाजवण्याआधी दर वेळी सुरात लावा. सूर खालून वर आणत लावायचा, वर गेला तर सैल करून पुन्हा खालून. ब्रिजपाशी गाठ सरकत नाही ना तेवढं बघा. पहिल्या तीन तारा गुळगुळीत असतात, त्यांची शेपटी एक वेढा जास्त देऊन बांधावी लागते, नाहीतर सटकून टॉपवर ओरखडा काढते. सरांकडून एकदा बघून घ्या आणि पुढच्या वेळी लेकीलाच बांधू द्या.

रंधा_आणि_सरस

बॅग कूलरच्या समोरच्या भिंतीला नको. आतल्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला, उभी. आर्द्रतामापक घ्या, प्लाय असली तरी. निदान तुम्हाला कळेल तुमच्या घरात नक्की काय चाललंय. सॅडल घासताना सरांना म्हणावं एकदम नको, पावसाळा येतोय, टॉप हलून स्थिर झाला की दिवाळीनंतर उरलेलं घासा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, अभिनंदन! एक विनंती. दोन वर्षांनी पोट्टीले लहान पडली की आधी मले सांगा. आमचा पोट्टा आता आठ वर्षांचा हाय, स्केटिंग सोडायच्या बेतात हाय.